मोहोर आणि मळब

कोकणातल्या पावसाचे वर्णन ज्याने केले नाही असा मराठी लेखक शोधूनच काढावा लागेल. वसंताच्या वाट्याला मात्र तेवढी शाई आलेली नाही. चाकरमानी मे महिन्यात घरी येतो तेव्हा आंबा अढीत पडलेला असतो, फणसाचा घमघमाट पडवीत भरलेला असतो, आणि म्हणून वसंत हा खाण्याचा ऋतू आहे असा त्याचा पक्का समज होऊन बसतो. तोच आंबा झाडावर असताना पौषापासून चैत्रापर्यंत घरच्या माणसांनी किती वेळा आभाळाकडे मान वर करून पाहिले, याचा हिशेब मुंबईला कोणी कळवीत नाही. त्या हिशेबाची काही जुनी पाने मला आज उलटायची आहेत. दिवाळीचे दिवस त्याला बरेही आहेत. पाऊस मागे सरून सकाळी अंगणात दव दिसू लागले की आमच्या मालवण-देवगडाकडचा बागाईतदार पुढच्या वसंताची काळजी करायला बसतो.

संस्कृत कवींचा वसंत आणि आमचा वसंत यांचे पंचांग जुळत नाही. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त सहा ऋतूंमध्ये वसंत शेवटी येतो आणि आम्रमंजिरी ही त्याची ठळक खूण. आमच्याकडे चैत्र उजाडतो तेव्हा मंजिरी केव्हाच झडून गेलेली असते आणि देठाला बाठ धरलेली कैरी लोंबत असते. मोहोर फुटायचा तो मार्गशीर्ष-पौषात, फार तर माघात. म्हणजे मदनाचा बाण आमच्याकडे थंडीतच भात्यातून बाहेर निघतो!

हे कसे घडते ते थोडक्यात सांगतो. पावसाळ्यानंतर ऊन तापावे, जमिनीतला ओलावा ओसरावा, नवी पालवी जून व्हावी, आणि मग रात्रींना थंडी पडावी. पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरून काही रात्री तिथेच राहिला की काडीच्या टोकाचा डोळा फुगतो व तुरा बाहेर पडतो. एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारांवर फुले असतात, पण हापूसच्या तुऱ्यात फळ धरण्याजोगी फुले थोडी, आणि धरलेल्या फळांतही टिकणारे एखादे. एवढ्या नाजूक हिशेबात मधेच आभाळ भरून आले म्हणजे सगळे बिनसते. या ढगाळपणाला आमच्याकडे ‘मळब’ म्हणतात. मळब धरले की तुडतुडे वाढतात, मोहोरातला रस शोषतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. भुरी आणि करपा हे सोबती मागोमाग येतातच. माझी आजी सकाळी उठून चुलीकडे जाण्याआधी खळ्यात येऊन उभी राही आणि आभाळ पाहून म्हणे, “मळब धरल्यान. आता मोहोर काळो पडतलो.” हे वाक्य ती कोणाला उद्देशून बोलत नसे.

थंडी हवी म्हणावे तर तीही वेळेत जायला हवी. वाटाण्याएवढी फळे धरल्यावर थंडीचा दुसरा झटका आला तर त्याच काडीला पुन्हा मोहोर फुटतो. या पुनर्मोहोराचे कौतुक फक्त परगावच्या पाहुण्याला वाटते. झाड आपले अन्नपाणी नव्या फुलांकडे वळवते आणि आधीची फळे पिवळी पडून गळतात. पुढे फाल्गुनात पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरून राहिला व दुपारचा समुद्रवारा अडला, तर किनाऱ्यावरही पारा एकाएकी अडतिशी गाठतो. फळ भाजते, गळते. तापलेल्या जमिनीच्या झळीने पिकलेल्या आंब्यात ‘साका’ होतो, तो तर वरून दिसतही नाही. सुंदर केशरी फळ पाहुण्यासमोर कापावे आणि आत पांढरा भेंडासारखा गर निघावा, हा प्रसंग आमच्याकडच्या प्रत्येक गृहिणीने एकदा तरी सोसलेला असतो.

पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही काळजी पुरातन नाही. कोकणचा शेतकरी पौषातले आभाळ पाहून घाबरू लागला त्याला फार तर तीन-चार पिढ्या झाल्या असतील. त्याआधी त्याचे वर्ष मिरगाला सुरू होई आणि भात कणगीत पडले की अर्धे संपे.

मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे १८१२ साली इंग्रजांकडे आली. मालवण कोल्हापूरकरांनी दिले आणि वेंगुर्ले सावंतवाडीकरांनी. मागोमाग सरकारी कागद आले. त्या कागदांत पीक मोजले जाई ते आण्यांत: सोळा आणे म्हणजे पुरे, बारा आणे म्हणजे बरे, सहा आण्यांच्या खाली गेले की सारासुटीची बोलणी. ही आणेवारी मुख्यतः भाताची, आणि डोंगरउतारावरच्या नाचणी, वरी, हरिक या धान्यांची. १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडी यांचा मिळून जो मुंबई इलाख्याचा गॅझेटिअर-खंड निघाला, तो आजही आमच्या भागाचा सर्वांत भरघोस आरसा आहे. त्यातला शेतकरी खोताचा माल भरणारा, डोंगर भाजून वरी पेरणारा आणि घरातला एक माणूस मुंबईला पाठवणारा असा दिसतो. आंबा त्याच्या घराजवळ होता, पण तो रायवळ. त्याची चटणी, लोणचे, साठे होत, पोरे दगड मारीत. त्याच्यावर कोणाचे वर्ष अवलंबून नव्हते.

पाऊस एवढा पडूनही ही ओढाताण का, असे घाटावरचे लोक विचारतात. आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि खाली किनाऱ्यावरही तीन हजारांच्या आसपास असतोच. पण पायाखाली जांभा. या दगडाला ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारातल्या आपल्या प्रवासाच्या वृत्तांतात दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. विटेसारखाच तो पाणी पितो आणि खाली सोडून देतो. मिरगात ज्या व्हाळाला उतार मिळत नाही, तो शिमग्याला कोरडा असतो.

म्हणून जुन्या कोकणात वसंतातले हिरवे शेत ही मोठी अपूर्वाईची वस्तू होती. तिचे नाव वायंगण. पावसाळी भात कापून झाले की ज्या खोलगट मळ्याला झऱ्याचे किंवा व्हाळाचे पाणी मिळे, तिथे गावकरी मिळून व्हाळात दगड, माती आणि पालापाचोळा घालून बांध घालीत, पाटाने पाणी मळ्यात आणीत आणि दुसरे भात लावीत. चैत्राच्या सुमारास ते पिके. वायंगणी नावाचा गाव मालवण तालुक्यात आहे आणि वेंगुर्ल्यातही आहे; पिकाने गावांवर आपली अशी मुद्रा उठवलेली आहे. जिथे पाणी कमी तिथे भाताच्या ओलीवरच कुळीथ, चवळी, वाल पेरीत. शेंगा वाळल्या की खळ्यात झोडणी, आणि मग वर्षभर कुळथाची पिठी. आज हॉटेलांच्या पाटीवर ‘मालवणी जेवण’ म्हणून जी ओळ लिहिलेली असते, तिच्यात पिठी क्वचितच असते. पण आमच्या कित्येक घरांनी चैत्र-वैशाख तिच्यावर काढलेला आहे.

वायंगणाचे खरे मर्म पाण्याइतकेच कुंपणात होते. शिमग्याच्या सुमारास गुरे मोकळी सुटत. सबंध मळ्याने एकत्र लावणी केली तरच वईचा खर्च आणि राखणीची पाळी परवडे. दहातल्या तिघांनी जमीन ओसाड टाकली की उरलेल्या सातांचे पीक गुरांच्या तोंडी. त्यामुळे दिवाळीनंतर देवळात बसून ‘यंदा मळो करूचो की नाय’ हे ठरवावे लागे. आमच्या गावात हा निर्णय गाऱ्हाण्यासह होत असे. पुजारी देवाला हकीकत सांगे, लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत, आणि मग ज्याला टाळायचे होते त्यालाही टाळता येत नसे. शेतीच्या व्यवस्थेत देवाचा एवढा व्यावहारिक उपयोग दुसरीकडे मी पाहिला नाही.

वसंतातली दुसरी मोठी कामे म्हणजे कवळ तोडणे आणि भाजावळ. झाडांच्या बारीक फांद्या, पातेरा, शेण आणि गवत तरव्याच्या जागेवर पसरून वैशाखात पेटवून द्यायचे, म्हणजे तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. त्या दिवसांत संध्याकाळी साऱ्या वाडीवर निळसर धूर तरंगत असे. शेताची वर्षाची तयारी म्हणून त्या धुराकडे पाहावे, की उजाड होत गेलेल्या डोंगरांचे कारण म्हणून? मला वाटते, दोन्ही खरे आहे.

आता पावसाच्या भाकितांकडे वळू. गुढीपाडव्याला भटजी देवळात किंवा घरोघर पंचांग वाचत. संवत्सराचा राजा कोण, मंत्री कोण, मेघाधिपती कोण, पर्जन्य किती आढक, त्यातला समुद्रावर किती, पर्वतावर किती आणि भूमीवर किती. आमचे आजोबा हे ऐकून गालातल्या गालात हसत. त्यांचे म्हणणे असे की, समुद्र, पर्वत आणि भूमी ही तिन्ही ज्यांच्या एका दिवसाच्या चालीत येतात, त्यांनी या वाटणीचे काय करावे? तरी ते ऐकायला जात, आणि दक्षिणाही देत.

भटजी पंचांग वाचीत त्याच दिवसांत, शेकडो मैलांवर, सरकारही वसंतात बसून मिरगाचे भविष्य पाहू लागले होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची दशा केल्यावर पावसाचा अंदाज आधी कळावा ही निकड सर्वांना पटली. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झालेच होते. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने १८८४ साली मांडले की, हिमालयावर वसंतात बर्फ जास्त साचून राहिला तर पुढचा पाऊस मंदावतो. १८८६ पासून खाते दर वर्षी अंदाज देऊ लागले. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर आला. हा मूळचा गणिती. त्याने जगभरच्या नोंदी गोळा करून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे दाखवले. आज ‘एल निनो’ हा शब्द आमच्या एसटीच्या थांब्यावरही ऐकू येतो, त्याच्या मागे वॉकरची ती आकडेमोड आहे.

ब्लॅनफर्डने बर्फ पाहिला आणि भटजींनी मेघाधिपती पाहिला, पण दोघांचेही डोळे पावसाळ्याकडेच होते. पौषातल्या मळबाचे भाकीत कोणी करीत नव्हते. भाताचा सारा होता, भाताचा दुष्काळ होता. मोहोराचा साराही नव्हता आणि दुष्काळही नव्हता. ज्या गोष्टीपासून वसुली नाही तिची नोंद ठेवण्याची सरकारला सहसा आठवण होत नाही. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या वसंतांविषयी लिहायला बसले म्हणजे हाती कागद फार थोडे लागतात, आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर भिस्त ठेवावी लागते.

तशा बोलण्यांत एक वर्ष वारंवार येते: १९४२. त्या वर्षी मार्च महिन्यात जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. रत्नागिरी जिल्हा आपल्या भातावर कधीच पुरता जगला नव्हता. मुंबईची मनीऑर्डर यायची आणि बंदरावर उतरलेला बाहेरचा तांदूळ त्या पैशाने विकत घ्यायचा, हा क्रम दोन पिढ्या चालला होता. मनीऑर्डर येत राहिली, तांदूळ मात्र येईना. आजोबा सांगत, त्या वसंतात आणि पुढच्या वसंतात घरात फणसाच्या आठळ्या भाजून ठेवल्या होत्या, नाचणीची आंबील दोन वेळा झाली, आणि ज्या मळ्यावर वायंगण होते त्या मळ्याचा मालक गावात पाटलापेक्षा मोठा झाला.

आता हापूसची गोष्ट. आफोन्सो दे आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा घेतला. त्याच्या नावावरून ‘आफोन्सो’ आणि त्याचा आमच्या तोंडी ‘हापूस’ झाला असे सर्वत्र सांगतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची चाल रुजवली, मानकुरादसारख्या जाती तिथे नावारूपाला आल्या, आणि कलमे हळूहळू उत्तरेला सरकली. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात आंब्याला प्रकरण दिले आहे. काजूचा मात्र त्यात पत्ता नाही. ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आलेले हे झाड त्या वेळी या किनाऱ्यावर रुजू लागलेले असावे. पुढे पंधरा वर्षांनी क्रिस्तोव्हाँव द कोश्ता याच्या ग्रंथात ते दिसते. शिमग्याला ज्या ओल्या काजूची उसळ झाल्याशिवाय आम्हांला सण वाटत नाही, तो काजू आणि त्या उसळीतली मिरची हे दोघेही दर्यापारचे पाहुणे आहेत.

हापूस आला तरी कलमबाग ही श्रीमंताची हौस राहिली. कातळाला सुरुंग लावून खड्डा करायचा, खालून माती वाहून आणायची, भेटकलम लावायचे आणि उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी नेऊन जगवायचे. हे परक्याच्या जमिनीत कोण करील? १९४९ च्या कायद्याने खोती गेली. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला व कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली. त्याच १९५७ साली वेंगुर्ल्याला फळसंशोधन केंद्र निघाले. हा योगायोगच, पण मला तो फार बोलका वाटतो. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि वेंगुर्ल्याचे केंद्र त्याच्या छत्राखाली गेले. तिथल्या माणसांनी काजूची ‘वेंगुर्ला’ नावाची वाणे काढली, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ दिला, आणि रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून १९९२ साली पातळ कोयीचा ‘सिंधू’. १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला होता. १९९० साली रोजगार हमीशी जोडून शंभर टक्क्यांपर्यंत अनुदानाची फळबाग योजना आली, आणि मग ज्या सड्यावर गुरांना चारासुद्धा मिळत नसे तिथे कलमांच्या रांगा उभ्या राहिल्या.

या पन्नास वर्षांत वसंताचे रूप पालटले. वायंगणाचा मळा ओस पडला, वरी आणि हरिक तरुणांना ओळखता येत नाहीत, आणि वर्षाची कमाई मोहोराच्या काडीवर येऊन बसली. एकाआड एक वर्ष फळणाऱ्या हापूसला दर वर्षी फळायला लावणारे पॅक्लोब्युट्राझॉल आले. पावसाळ्यात मुळाशी घातले की मोहोर लवकर आणि नेमाने येतो. पेटी लवकर बाजारात गेली, भाव चांगला मिळाला. पण लवकर आलेला मोहोर लवकर मळबात सापडतो, फवारणीच्या पाळ्या वाढतात, आणि औषधाच्या दुकानातली उधारी आंबा विकण्याच्या आधी पिकते. भाताच्या दिवसांत एक पाऊस चुकला तर दुसरा येई. आता माघातल्या तीन ढगाळ रात्री वर्ष बुडवू शकतात.

वैशाखाचीही शाश्वती राहिलेली नाही. पूर्वी मिरगापर्यंतचे कोरडे दिवस गृहीत धरलेले असत. रतांबे फोडून साले उन्हात वाळवायची, पुन्हा रसात भिजवून पुन्हा वाळवायची, तेव्हा आमसूल होते. आंब्याची साठे, फणसाचे पापड, सांडगे, भाजावळ, कौले परतणे, सारे त्या उन्हावर. शिरोड्याच्या मिठागरांत मीठही याच दिवसांत पिकते. त्याच आगरांवर १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला होता. उन्हाने पिकवलेल्या मिठावर राजाचा हक्क कसा, हा प्रश्न त्या वैशाखात लोकांनी विचारला. २०२१ च्या मे महिन्यात, १६ तारखेला, ‘तौक्ते’ वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले तेव्हा झाडांवरचा शेवटचा आंबा खाली आला आणि झाडेही आडवी झाली. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी देवगडला पोचला, मिरगाच्या जवळजवळ पंधरा दिवस आधी. रतांबे झाडाखाली कुजले, वाळत घातलेली आमसुले घरात घेऊन चुलीच्या धुरावर धरावी लागली, आणि ज्यांनी तरवा पेरला नव्हता त्यांना पेरायला कोरडी जमीन मिळेना.

एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच घडत आहे. सरकार आमचा वसंत मोजू लागले आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यासाठी प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित यंत्र बसले, आणि अवकाळी पाऊस किती, रात्रीची थंडी किती, दुपारचा पारा किती आणि किती दिवस, यांच्यावर भरपाईचे आकडे ठरू लागले. जुन्या आणेवारीत माणूस शेतात येऊन पीक पाही. नव्या पद्धतीत पीक कोणी पाहत नाही, फक्त हवा पाहतात. यंत्र असते खाडीकाठच्या गावात आणि बाग असते सड्यावर. दोहोंच्या उष्णतेत दोन-तीन अंशांचे अंतर सहज पडते, आणि त्या दोन-तीन अंशांवरूनच साऱ्या तक्रारी. गेल्या फाल्गुनात आमच्या शेजारच्या बागाईतदाराने एक साधा तापमापक विकत आणून कलमाच्या खालच्या फांदीला टांगला. तो रोज दुपारी दोन वाजता जाऊन पारा पाहतो आणि मुलाच्या जुन्या वहीत तारीख घालून लिहून ठेवतो. विम्याच्या कामी त्या वहीला कोणी विचारीत नाही. तरी वही अर्धीअधिक भरली आहे, आणि यंदा दिवाळी झाल्यावर पहिल्या थंडीपासून पुढची पाने लिहायला घेणार, असे तो म्हणतो.